वापरलेली सुई द्या, नवी घेऊन जा

अमली पदार्थ टोचून घेणाऱ्याच्या हाती शासनाच्या मदतीने चालणाऱ्या प्रकल्पातून नवी कोरी सुई दिली जाते, हे ऐकून अनेकांच्या कपाळावर आठी उमटते. 'हे तर व्यसनाला खतपाणी!' ही प्रतिक्रिया स्वाभाविक असली तरी घाईची आहे.

ब्राऊन शुगरमुळे एचआयव्ही होत नाही. तो होतो सिरिंजमध्ये उरलेल्या दुसऱ्याच्या रक्तातून. त्या थेंबभर रक्तात हा विषाणू कित्येक दिवस तग धरू शकतो. हेपटायटिस 'सी'चा प्रसारही असाच होतो. मणिपूरमध्ये १९८९-९०च्या सुमारास अवघ्या काही महिन्यांत, तपासणी झालेल्या सुईकरांपैकी निम्म्यांच्या आसपास जण बाधित आढळले होते. पुढे हा संसर्ग त्यांच्या पत्नींपर्यंत पोहोचला, ज्यांनी सुईला कधी हातही लावला नव्हता.

नेदरलँड्समधील ॲमस्टरडॅम येथे १९८४ मध्ये सुई-बदलाची सुरुवात झाली, ती व्यसनाधीनांच्याच संघटनेच्या पुढाकाराने. मुंबईत १९९५ साली स्थापन झालेल्या 'संकल्प' या संस्थेने रस्त्यावर राहणाऱ्या व्यसनाधीनांमध्ये हे काम उभे केले. जुनी सुई परत घेतल्याने ती कचरा वेचणाऱ्याच्या हाताला टोचत नाही, हा लाभ सहसा कोणी मोजत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, एरवी रुग्णालयाची पायरी न चढणारा माणूस या निमित्ताने कार्यकर्त्याशी बोलू लागतो. जखमेची मलमपट्टी, रक्ततपासणी, क्षयाचे औषध हे सारे त्यानंतर शक्य होते.

पुढची पायरी पर्यायी औषधोपचाराची. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी केंद्रात, कर्मचाऱ्यांच्या देखत जिभेखाली ठेवायची. तिने तलफ व अंगदुखी शमते आणि माणूस दिवसभर कामाला जाऊ शकतो. हे उपचार महिनोन्‌महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे चालतात. पंधरा दिवसांत 'बरा करून द्या' म्हणणाऱ्या नातेवाइकांना ते पटत नाही. मात्र मधुमेहाच्या रोजच्या गोळीबद्दल आपण अशी तक्रार करीत नाही.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या २०१९ मधील अहवालानुसार देशात सुमारे साडेआठ लाख लोक टोचून नशा करतात, आणि संख्येने पुढे असलेल्या राज्यांत महाराष्ट्राचे नाव आहे. २०२१च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात या गटातील एचआयव्हीचे प्रमाण ९ टक्क्यांच्या घरात होते. सर्वसाधारण प्रौढांत ते ०.२ टक्के आहे.

यात पोलिसांच्या भीतीचाही वाटा आहे. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने सेवन हा गुन्हा ठरतो. म्हणून खिशात सुई बाळगण्यापेक्षा दुसऱ्याची वापरणे अनेकांना सोयीचे वाटते. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ सालचा. तो सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम २२ने नोंदणीकृत सुई-बदल कार्यक्रमात सुई देणारा व घेणारा या दोघांनाही संरक्षण दिले. हे कलम मुंबईइतकेच वाशीम जिल्ह्यातील कारंजा लाडलाही लागू आहे. जवळचे केंद्र कुठे आहे, ही विचारणा १०९७ या राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनवर विनाशुल्क करता येते. नशामुक्तीच्या मार्गदर्शनासाठी १४४४६ हा क्रमांक आहे.