मूत्रपिंडाचा कर्करोग : आजार कमी, की नोंद कमी?

आमच्या वसाहतीत गिरणीतून निवृत्त झालेले एक काका राहत असत. उभे आयुष्य खात्यात उभे राहून काढलेले, विडीची सवय, रक्तदाब वाढलेला. पण गोळी घ्यायची ती आठवण झाली तर. एका चैत्रात त्यांच्या लघवीतून रक्त गेले. दुखणे नाही, ताप नाही. काकूंनी 'उन्हाळी लागली' म्हणून धने-जिऱ्याचे पाणी दिले. तीन दिवसांत रक्त थांबले आणि विषय मिटला. पावसाळ्यात पुन्हा तसेच झाले. या वेळी कोणीतरी 'मुतखडा असेल' म्हणाले आणि खड्याचे औषध आणून दिले. ते रक्तही आपोआप थांबले. पुढे सव्वा वर्षाने माणूस वाळत चालला, तेव्हा सोनोग्राफी झाली. डाव्या मूत्रपिंडात मोठी गाठ होती आणि रोग फुप्फुसापर्यंत गेला होता. शेवटचे दिवस त्यांनी गावी काढले आणि तिथेच त्यांचे निधन झाले.

मृत्यूच्या नोंदीचा अर्ज भरायला आम्हीच बसलो होतो. कारकुनाचे अक्षर बरे असते, म्हणून अशी कामे आमच्याकडेच येतात. 'मृत्यूचे कारण' या रकान्यापाशी हात थांबला. घरचे म्हणाले, "लिहा म्हातारपण. कॅन्सरचे नाव कशाला? पोरीचे लग्न व्हायचे आहे." आणि आम्ही लिहिले : वार्धक्य. वय वर्षे ६१!

पुढे कधीतरी या रोगाविषयी वाचताना आमच्या पाहण्यात आले की, जगाच्या मानाने भारतात मूत्रपिंडाच्या कर्करोगाचे प्रमाण फार कमी आहे. ते वाचून बरे वाटायला हवे होते, पण आम्हाला आमच्याच हाताने लिहिलेली ती ओळ आठवली. म्हणून हा लेख.

जगाचा नकाशा काय सांगतो?

२०२२ साली जगभरात मूत्रपिंडाच्या कर्करोगाचे सुमारे ४ लाख ३५ हजार नवे रुग्ण झाले आणि सुमारे १ लाख ५६ हजार माणसे त्याने दगावली, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. पण हा आजार जगात सारखा पसरलेला नाही. चेक प्रजासत्ताक, लिथुआनिया, लाटव्हिया, बेलारूस या मध्य आणि पूर्व युरोपातील देशांत तो सर्वांत जास्त आढळतो. तिथल्या पुरुषांत दरवर्षी लाखामागे १५ हून अधिक नवे रुग्ण होतात. आपल्याकडील बहुतेक नोंदण्यांत पुरुषांचे हेच प्रमाण लाखामागे साधारण १ ते ३ च्या दरम्यान असते. आफ्रिकेतील बऱ्याच देशांतही ते असेच कमी आहे. सर्वत्र दिसणारी एक गोष्ट म्हणजे स्त्रियांपेक्षा पुरुषांत हा रोग जवळपास दुप्पट आढळतो.

इथे कोणी म्हणेल, त्या देशांत म्हातारी माणसे जास्त आहेत, म्हणून कर्करोग जास्त. शंका योग्य आहे. निवृत्तांच्या वसाहतीची तुलना नव्याने संसार थाटलेल्यांच्या चाळीशी केली, तर आजार निवृत्तांच्याच वसाहतीत जास्त दिसणार. म्हणून हे आकडे काढताना सर्व देशांची वयोरचना एकसारखी धरून हिशेब करतात. वर दिलेले दर असेच वयाचा फरक काढून टाकलेले आहेत. तरीही आठ-दहा पटींचे अंतर उरतेच. मग ते येते कुठून?

खरे असलेले अंतर

या अंतराचा काही भाग खरा आहे. धूम्रपान, वाढलेले वजन आणि उच्च रक्तदाब ही या रोगाची तीन ठळक कारणे शास्त्राने मान्य केली आहेत. ज्या देशांत ही तिन्ही एकत्र येतात तिथे रोग वाढतो. कारखान्यात धातूच्या भागांवरचे तेल काढण्यासाठी वापरले जाणारे ट्रायक्लोरोएथिलीन हे रसायनही माणसात मूत्रपिंडाचा कर्करोग घडवते, असा निर्वाळा वर सांगितलेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१२ साली दिला. कारखान्यात काम करणाऱ्या आमच्या वाचकांनी हे नाव लक्षात ठेवावे.

काही ठिकाणी कारण शेतातच सापडले. बाल्कन भागात, म्हणजे सर्बिया, बल्गेरिया, रुमानिया, क्रोएशिया, बोस्निया या देशांतील नदीकाठच्या काही गावांत पिढ्यान्‌पिढ्या माणसे मूत्रपिंड निकामी होऊन मरत. त्यांच्यात मूत्रमार्गाच्या कर्करोगाचेही प्रमाण फार मोठे. गव्हाच्या शेतात ॲरिस्टोलोकिया नावाचे तण उगवे. त्याचे बी गव्हाबरोबर दळले जाई आणि भाकरीवाटे विष पोटात जाई. बेल्जियममध्ये १९९० च्या सुमारास वजन उतरवण्याच्या गोळ्यांत याच कुळातली चिनी वनस्पती चुकून गेली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे कायमची गेली. आपल्याकडे ईश्वरी किंवा सापसण म्हणून ओळखली जाणारी वेल याच कुळातली आहे आणि तिच्यातही हेच ॲरिस्टोलोकिक आम्ल असते. झाडपाला म्हणजे निरुपद्रवी, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

२०२४ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अकरा देशांतील ९६२ रुग्णांच्या गाठींतील जनुके तपासून कोणत्या कारणाने कोणता ओरखडा उमटला, हे त्यात पाहिले गेले. रुमानियातील ७० टक्क्यांहून अधिक रुग्णांच्या गाठींत त्या तणाच्या विषाची खूण सापडली. जपानमध्येही ७० टक्क्यांहून अधिक रुग्णांत एक वेगळीच खूण आढळली. ती इतर देशांत क्वचितच दिसते आणि ती कशामुळे उमटते हे कोणालाच उलगडलेले नाही. ज्या देशांत रोगाचे प्रमाण जास्त तिथे आणखी एक खूण जास्त आढळली, तिचेही कारण अज्ञात आहे. थोडक्यात, प्रत्येक प्रदेशाचे पाणी, धान्य, हवा, औषध यांत दडलेली कारणे निरनिराळी असू शकतात. पण त्या अकरा देशांत भारत नव्हता. आपल्या माणसांच्या मूत्रपिंडावर कसले ओरखडे आहेत, हे त्या अभ्यासातून कळण्यासारखे नव्हते.

तपासणीने वाढलेले अंतर

अंतराचा दुसरा भाग तपासणीचा आहे. मूत्रपिंड पोटाच्या मागच्या बाजूला खोल असते. तिथली गाठ बरीच मोठी होईपर्यंत बाहेरून समजत नाही. श्रीमंत देशांत पित्ताशयासाठी, पाठदुखीसाठी, कशासाठीही सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन होतो आणि त्यात मूत्रपिंडातली लहानशी गाठ अवचित सापडते. तिथे निम्म्याहून अधिक रुग्ण आता असेच सापडतात. अमेरिकेत १९७५ नंतरच्या चार दशकांत या रोगाच्या नोंदी दुपटीहून अधिक झाल्या, मात्र १९९० च्या दशकानंतर त्याने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण उतरत गेले. पश्चिम आणि उत्तर युरोपातील अनेक देशांतही मृत्यूचे प्रमाण घटले. म्हणजे वाढलेला सगळाच आकडा वाढलेला रोग नव्हे. त्यात पूर्वी न दिसणारा आणि आता वेळेत दिसणारा रोगही आहे.

यावरून उलटाही अर्थ निघतो. जिथे तपासणी होत नाही तिथे आकडा लहान राहतो आणि जे थोडे सापडतात ते उशिरा सापडतात. आपल्या मोठ्या रुग्णालयांचा अनुभव असाच आहे. पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा आपला रुग्ण सुमारे दहा वर्षांनी तरुण असतो, त्याची गाठ मोठी असते आणि बहुधा त्रास सुरू झाल्यावरच तो दवाखान्याची पायरी चढतो.

एकाच देशातही असे अंतर असते. अमेरिकेत या रोगाचे प्रमाण सर्वांत जास्त आहे ते तिथल्या मूळ रहिवाशांत, म्हणजे अमेरिकन इंडियन आणि अलास्कातील जमातींत. मृत्यूही त्यांच्यातच सर्वांत जास्त. धूम्रपान, लठ्ठपणा, रक्तदाब आणि दवाखान्यापासूनचे अंतर ही त्यामागची कारणे सांगितली जातात. ज्यांची जमीन गेली त्यांच्याच वाट्याला रोगही जास्त आला. पण तिथे निदान त्यांची वेगळी मोजणी तरी झाली, म्हणून हे जगाला कळले.

आपली नोंदवही

मोजण्याचे काम आपल्याकडेही झालेले आहे आणि त्यात महाराष्ट्र मागे नाही. लोकसंख्येवर आधारलेली देशातली पहिली कर्करोग नोंदणी १९६३ साली मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली. पुढे १९८० च्या दशकाच्या आरंभी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रम हाती घेतला. खेड्यांतली पहिली नोंदणी १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शीला उभी राहिली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील ३४६ गावे तिने घेतली. खेड्यातला रुग्ण रुग्णालयात येतच नाही, मग त्याची नोंद होणार कशी? म्हणून तिथले कार्यकर्ते स्वतः गावोगाव गेले, लोकांत बसले, लक्षणे समजावून सांगितली आणि संशयित रुग्णाला तपासणीपर्यंत नेले. नोंदवही माणसापर्यंत चालत गेली, असे म्हणायला हरकत नाही.

या ग्रामीण नोंदणीत मूत्रपिंडाचा कर्करोग मुंबईच्या मानाने फारच थोडा आढळतो. शेतात राबणारा माणूस लठ्ठ नसतो, हे त्याचे एक कारण असणार. पण तालुक्याच्या गावी सोनोग्राफीसाठी एक दिवसाची मजुरी बुडवावी लागते, हे दुसरे. यातला किती वाटा कोणाचा, हे वेगळे करणे सोपे नाही.

शिवाय देशाची सारी लोकसंख्या अशा नोंदणीत येतच नाही. २०२० च्या राष्ट्रीय अहवालात २८ नोंदण्यांचे आकडे होते आणि त्यांत देशातली सुमारे दहा टक्केच माणसे मोडत होती. मृत्यूचे पाहावे तर २०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२ ते २३ टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेले होते. बाकीच्यांच्या रकान्यात काय असेल? आमच्यासारख्या कोणीतरी लिहिलेले 'वार्धक्य'.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. हिशेबाचा पहिला धडा हा की, खतावणीत नोंद नाही म्हणून खर्च झाला नाही असे होत नाही. तो कधीतरी निघतोच. आरोग्याच्या हिशेबातही तसेच आहे. आकडा लहान दिसला की त्या भागासाठी यंत्र, डॉक्टर, निधी मागणारा कागदच तयार होत नाही. यंत्र नाही म्हणून रोग सापडत नाही आणि रोग सापडत नाही म्हणून यंत्र येत नाही. हे चक्र कोठेतरी तोडायचे असेल, तर त्याची सुरुवात आपल्या घरातूनच करावी लागेल.

घरात काय करता येईल?

पहिली गोष्ट, लघवीतून एकदा जरी रक्त गेले, दुखले नाही तरी, आणि आपोआप थांबले तरी, डॉक्टरांना दाखवावे. लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी करून घ्यावी. घाबरून जाऊ नये. बहुतेक वेळा कारण खडा किंवा जंतुसंसर्ग असे साधेच निघते. पण ते तपासून ठरवावे, अंदाजाने नव्हे. भगिनींनी विशेष काळजी घ्यावी, कारण त्यांचे रक्त पाळीचे समजून सोडून दिले जाते. बरगडीखाली, कुशीत सतत दुखणे, हाताला गाठ लागणे, कारण नसताना वजन घटणे, हीही लक्षणे आहेत. मात्र ती बहुधा उशिराची.

दुसरी गोष्ट, विडी-सिगारेट सोडावी, वजन आवरावे, चाळिशीनंतर रक्तदाब नियमित मोजावा आणि गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नये.

तिसरी गोष्ट, निदान झाले तर हातपाय गाळू नयेत. रोग मूत्रपिंडापुरताच असताना सापडला, तर पाच वर्षांनंतरही दहापैकी नऊ रुग्ण हयात असतात, असा अमेरिकेतील नोंदींचा दाखला आहे. शरीरभर पसरल्यावर हेच प्रमाण दहापैकी दोनाच्याही खाली येते. गाठ लहान असेल तर तेवढाच भाग काढता येतो. पूर्ण मूत्रपिंड काढावे लागले, तरी दुसरे चांगले असल्यास माणूस नीट जगतो. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करावी. शिधापत्रिका आणि आधार कार्ड जवळ ठेवावे.

आणि शेवटची गोष्ट, जी आम्हाला जमली नाही. घरात मृत्यू झाला तर कारण खरे लिहावे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली. रुग्णालयाने मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र निबंधकाकडे पाठवून त्याची प्रत जवळच्या नातेवाइकालाही द्यायची, असे आता कायदाच सांगतो. ती प्रत मागून घ्यावी. घरी मृत्यू झाला असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे कागद अर्ज भरणाऱ्यापुढे ठेवावेत. कर्करोग हा संसर्गाने लागत नाही, त्यात कलंक तर मुळीच नाही.

काकांच्या मुलीचे लग्न झाले. जावयाला सासऱ्यांचा आजार आधीपासूनच ठाऊक होता आणि त्याने तो कधी मनातही आणला नाही, हे आम्हाला नंतर कळले. तो रकाना मात्र अजून तसाच आहे. काकांचा धाकटा मुलगा आता चाळिशीला आला आहे. गेल्या महिन्यात आम्ही त्याला वडिलांच्या आजाराचे खरे नाव सांगितले आणि रक्तदाब तपासायला घेऊन गेलो. तो १६० भरला. गोळी सुरू झाली आहे.