घरगुती सीएनसी यंत्र, लेखांक ७ : चुकलेल्या स्टेपांचा हिशेब

मागील लेखांकात मोटर, ड्रायव्हर आणि नियंत्रक यांची जोडणी पूर्ण झाली. यंत्र चालू लागते, आवाजही नेहमीचाच येतो, तरी कोरलेल्या चौकोनाची शेवटची रेघ सुरुवातीच्या बिंदूला मिळत नाही, असे झाल्यास दोष कोठे शोधावा, हा या लेखांकाचा विषय आहे. साध्या यंत्रात नियंत्रक मोटरीला पल्स, म्हणजे विजेचे क्षणिक ठोके, पाठवतो आणि तितकी हालचाल झालीच असे धरून पुढे जातो; ती खरोखर झाली की नाही हे त्याला कळवणारी कोणतीही सोय नसते आणि अशा रचनेलाच ओपन लूप म्हणतात. त्यामुळे झालेली चूक पडद्यावरील आकड्यांत कधीच उमटत नाही. ती उमटते लाकडात किंवा अॅल्युमिनियममध्ये. म्हणून पहिले काम चुकीचे माप घेण्याचे. बहुतेक हौशी कारागीर मात्र आधी ड्रायव्हरचा करंट वाढवतात, आणि त्याने मोटर तापते, दोष मात्र जागच्या जागी राहतो.

अक्षाला डायल गेज लावून काटा शून्यावर आणावा, अक्ष १०० मिमी पुढे-मागे ५० वेळा पळवावा आणि परतल्यावर काटा कोठे थांबतो ते पाहावे. एका फेरीनंतर आणि ५० फेऱ्यांनंतर फरक तेवढाच राहत असेल, तर स्टेप चुकलेली नसून स्क्रू आणि नट यांच्यामधील मोकळी चाल, म्हणजे बॅकलॅश, त्याला कारण असते. परतीचा काटा शून्यावर येतो पण १०० मिमी सांगितल्यावर अक्ष ९८ मिमीच जातो, असे असेल तर नियंत्रकात भरलेला मिलिमीटरमागील पल्सचा आकडा तपासावा. फरक फेरीगणिक वाढत जात असेल, तेव्हाच खरे शोधकार्य सुरू होते.

येथे मोटरीची अंतर्गत रचना उपयोगी पडते. १.८ अंशाच्या मोटरीत एका फेऱ्याला २०० पूर्ण स्टेप असतात, तिच्या रोटरवर ५० दात असतात आणि दोन कॉइलमधील प्रवाहाच्या दिशा बदलण्याचा क्रम दर चार स्टेपांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो; म्हणून भार न पेलून रोटर निसटला, तर तो अधेमधे स्थिरावत नाही, चार स्टेपांच्या, म्हणजे ७.२ अंशांच्या, पटीतच मागे पडतो. एका फेऱ्यात ५ मिमी सरकणाऱ्या बॉलस्क्रूवर हे अंतर बरोबर ०.१ मिमी भरते. काटा ०.३ किंवा ०.७ मिमीवर थांबला, तर मोटर निसटत असल्याचा संशय बळावतो, तो ०.२३ वर थांबला, तर मोटरीला दोष देण्यापूर्वी कपलिंगचा ग्रब स्क्रू पाहावा. शाफ्ट आणि कपलिंग या दोहोंवरून मार्करने एक सरळ रेघ ओढून ठेवली आणि कामानंतर ती दुभंगलेली दिसली, तर कपलिंग शाफ्टवर फिरत आहे, हे मापाशिवायही कळते.

दिशा बदलतानाची चूक याहून फसवी असते. दिशेचा संकेत ड्रायव्हरपर्यंत पोहोचण्यास किंचित उशीर झाला, तर वळणावरची पहिली पल्स जुन्याच दिशेने मोजली जाते. १६ मायक्रोस्टेपच्या मांडणीत, म्हणजे प्रत्येक पूर्ण स्टेपचे १६ भाग केल्यावर, एका फेऱ्याला ३२०० पल्स लागतात, तेव्हा अशा एका वळणाची चूक सुमारे ०.००३ मिमी होते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण हा उशीर एकाच बाजूच्या वळणावर होत असेल तर ५०० वळणांनंतर दीड मिलिमीटर साचतो. लांब सरळ काप बिनचूक आणि बारीक नक्षी मात्र सरकलेली, हे तिचे लक्षण होय.

मोटर खरोखरच निसटत असेल, तर ती कोणत्या वेगाला निसटते हे पाहावे. कॉइलमध्ये प्रवाह एकदम चढत नाही. २.८ अँपिअर आणि ३ मिलिहेन्री अशी मोटर धरली, तर रोध आणि विरोधी दाब सोडूनही १२ व्होल्टवर पूर्ण प्रवाह चढण्यास ०.७ मिलिसेकंद लागतात, आणि वरील स्क्रूवर मिनिटाला ३००० मिमी वेग हवा असेल तर एका पूर्ण स्टेपला वेळ मिळतो फक्त ०.५ मिलिसेकंद. २४ व्होल्टवर तोच प्रवाह ०.३५ मिलिसेकंदात चढतो. म्हणजे जास्त वेगाला सुटणाऱ्या मोटरीचा उपाय अनेकदा पॉवर सप्लायमध्ये असतो. वेग कमी असूनही केवळ सुरुवातीच्या झटक्याला ती सुटत असेल, तर प्रवेग कमी करावा.

मोटर फिरतच नाही, नुसती थरथरते, तेव्हा बहुधा कॉइलच्या वायरींच्या जोड्या चुकलेल्या असतात किंवा एखादी वायर आतून तुटलेली असते. वीज बंद करून चार वायरींची मोटर ड्रायव्हरपासून सोडवावी आणि कोणतीही दोन टोके एकमेकांना टेकवून शाफ्ट बोटांनी फिरवावा. तो अडखळत, जड फिरू लागला तर ती दोन टोके एकाच कॉइलची. ड्रायव्हरला वीज असताना मात्र मोटरीची वायर काढू नये, कारण त्या क्षणी कॉइलमध्ये उसळणारा दाब ड्रायव्हर जाळू शकतो.