नाडीचा ठोका आणि धांवण्याची चाल

मनगटावर तीन बोटें टेकून नाडी पाहणें ही आपल्या देशांतील वैद्यांची जुनी विद्या आहे. वैद्य नाडीवरून रोग ओळखतो. परंतु धडधाकट माणसानें स्वतःची नाडी पाहून आपली चाल ठरवावी, ही कल्पना मात्र त्या मानानें नवी आहे. आज शहरांतून पहांटे मैदानावर किंवा समुद्रकांठीं जे स्त्रीपुरुष धांवतांना दिसतात, त्यांतील पुष्कळांच्या मनगटावरील घड्याळ वेळेबरोबर हृदयाचे ठोकेहि सांगतें. या आंकड्याचा अर्थ नीट कळला तर धांवणें सुधारतें; न कळला तर तोच आंकडा माणसाला फसवितो.

घड्याळ आणि नाडी यांची सांगड तशी जुनीच आहे. इंग्लंडमधील वैद्य सर जॉन फ्लॉयर यांनीं एक मिनिट चालणारें घड्याळ खास नाडी मोजण्यासाठीं तयार करविलें व त्याविषयींचा ग्रंथ १७०७ सालीं प्रसिद्ध केला. या मोजणीचा उपयोग धांवण्याच्या शिक्षणांत करून घेतला तो जर्मनींतील वोल्डेमार गेर्शलर यांनीं. फ्रायबुर्ग येथील हृदयतज्ज्ञ हर्बर्ट राइंडेल यांच्या साह्यानें त्यांनीं अशी पद्धत बसविली कीं, ठोके १८० च्या घरांत जाईपर्यंत वेगानें धांवावें आणि ते १२० च्या आसपास उतरले म्हणजे पुन्हां निघावें. गेर्शलर यांचा शिष्य रुडॉल्फ हारबिग यानें १९३९ सालीं मिलान येथें ८०० मीटर अंतर १ मिनिट ४६.६ सेकंदांत काटून जागतिक विक्रम केला. पुढें १९८२ सालीं फिनलंडमधील पोलर कंपनीनें धांवतांधांवतां ठोके दाखविणारें बिनतारी यंत्र बाजारांत आणलें.

त्या यंत्राचा पट्टा छातीवर बांधावा लागतो. हृदयाच्या प्रत्येक आकुंचनापूर्वीं जो सूक्ष्म विद्युत्प्रवाह उठतो, तो हा पट्टा टिपतो. मनगटावरील घड्याळाची रीत निराळी आहे. तें कातडीवर हिरवा प्रकाश टाकतें. रक्तांतील हिमोग्लोबिन हा प्रकाश शोषून घेतें. म्हणून ठोक्यागणिक रक्ताची लाट आली कीं परतणारा प्रकाश किंचित् कमी होतो. घड्याळ सैल असलें, हात गार असले किंवा फार हालत असले तर ही मोजणी बिघडते. कधीं कधीं तर घड्याळ पावलांच्या तालालाच नाडी समजतें. आरामांत धांवणाऱ्याला एकाएकीं १७० चा आंकडा दिसला, तर घाबरण्यापूर्वीं त्यानें घड्याळ मनगटाच्या हाडापासून थोडें वर सरकवून घट्ट बांधावें, थांबून बोटांनीं १५ सेकंद नाडी मोजावी आणि येईल त्या संख्येची चौपट करावी.

ठोके मोजावयाचे कशासाठीं? स्नायूंना जितका प्राणवायु अधिक लागतो, तितके ठोके वाढतात, आणि बऱ्याच मर्यादेपर्यंत ही वाढ प्रमाणशीर असते. म्हणून ठोका हें श्रमाचें माप ठरतें. सरावानें हृदयाच्या ठोक्यांची कमाल मर्यादा वाढत नाहीं. वाढतें तें एका ठोक्यांत बाहेर पडणारें रक्त. त्यामुळें सराव झालेला मनुष्य पूर्वींच्याच वेगानें धांवतांना कमी ठोक्यांत काम भागवितो. तोच रस्ता, तशीच हवा आणि तितकेच ठोके असतां वेळ कमी लागूं लागला, तर ती प्रगतीची खरी खूण होय.

कमाल ठोक्यांचे शेंकडा ५० पासून १०० पर्यंत दहादहाचे पांच टप्पे बहुतेक घड्याळांत पाडलेले असतात. त्यांनाच धांवणारे लोक ‘झोन’ म्हणतात. स्थूलमानानें पहिला टप्पा चालण्याचा, दुसरा गप्पा मारीत धांवण्याचा, तिसरा तुटक वाक्यांचा, चौथा एकदोन शब्दांचा, आणि पांचव्यांत बोलणेंच खुंटतें.

खरी अडचण आहे ती ही कमाल मर्यादा ठरविण्यांत. २२० मधून वय वजा करावें, हें १९७१ पासून रूढ झालेलें सूत्र. २००१ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं वयाची सात-दशांश पट २०८ मधून वजा करण्याचें दुसरें सूत्र मांडलें. चाळिशींत दोहोंचें उत्तर १८० च येतें. साठींत मात्र पहिलें १६० सांगतें, तर दुसरें १६६. शिवाय दोन्ही सूत्रें सरासरीचीं आहेत. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांच्या कमाल ठोक्यांत २० चा फरक सहज असूं शकतो.

त्यांत आणखी एक भेद आहे. फिनलंडमधील मार्टी कार्व्होनेन यांनीं १९५७ सालीं दाखविलेल्या रीतीनें कमाल ठोक्यांतून विश्रांतीचे ठोके वजा करून उरलेल्या शिलकेचे टप्पे पाडतात. समजा, साठ वर्षांच्या एका गृहस्थाची कमाल मर्यादा १६६ आणि विश्रांतीची नाडी ६६ आहे. शिल्लक उरली १००. या रीतीनें त्याचा शेंकडा ६० ते ७० चा टप्पा १२६ ते १३६ होतो; नुसत्या कमाल ठोक्यांवरून काढला तर तोच सुमारें १०० ते ११६ भरतो. मनुष्य एकच, टप्प्याचें नांवहि एकच, परंतु दोन घड्याळें त्याला दोन निरनिराळ्या आज्ञा देतील! यास्तव आपलें घड्याळ कोणत्या रीतीनें हिशेब करतें तें पाहून घ्यावें, आणि अडखळल्यावांचून बोलतां येईल अशा चालीनें धांवून त्या वेळचे ठोके टिपून ठेवावे. सूत्रांपेक्षां ही नोंद अधिक विश्वासाची.

नवख्याची नेहमींची चूक म्हणजे रोज मधल्याच टप्प्यांत धांवणें. ही चाल विसाव्याला जड आणि वेग वाढविण्यास अपुरी पडते. दूरच्या शर्यतींतील कसलेल्या धांवपटूंचा सराव अभ्यासून स्टीफन सायलर या संशोधकांनीं असें दाखविलें कीं, हे लोक दहांपैकीं सुमारें आठ वेळां सावकाशच धांवतात व दोन वेळां जोराचे श्रम करतात. न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड यांनीं तर ८०० मीटरच्या पीटर स्नेललाहि आठवड्याला सुमारें १०० मैल धांवविलें, आणि १९६० सालीं रोम येथें त्यानें सुवर्णपदक जिंकलें. सावकाश धांवण्यानें स्नायूंतील केशवाहिन्या वाढतात, चरबीचा इंधन म्हणून उपयोग करण्याची शक्ति येते, आणि हृदयापेक्षां सावकाश बळावणाऱ्या हाडांना व कंडरांना अवसर मिळतो. हा टप्पा न ओलांडण्यासाठीं आरंभीं मधून मधून चालावें लागलें, तरी त्यांत कमीपणा मुळींच नाहीं.

हवामानाचाहि हिशेब ठेवला पाहिजे. मुंबईसारख्या दमट हवेंत घाम निघतो पण वाळत नाहीं. शरीर तापतें, घामावाटे पाणी गेल्यानें रक्ताचें आकारमान घटतें, आणि वेग तोच असतां ठोके चढत जातात. मेच्या महिन्यांत पुण्याच्या पहांटेचा वेग मुंबईंत राखण्याचा हट्ट धरूं नये. ठोके राखावे व वेग उतरूं द्यावा. जागरण, ताप आणि कडक चहाकॉफी यांनींहि नाडी वाढते. उलट रक्तदाबावरील कांहीं औषधें, विशेषतः बीटा-ब्लॉकर वर्गांतील, ठोके दाबून ठेवतात. तीं घेणाऱ्याला सूत्रांचा उपयोग नाहीं, त्यानें डॉक्टरांकडूनच मर्यादा ठरवून घ्यावी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी कीं, घड्याळ ठोके मोजतें, हृदयाचें आरोग्य मोजीत नाहीं. छातींत दडपण, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, घेरी, नेहमींपेक्षां निराळी धाप, यांपैकीं कांहींहि जाणवलें तर आंकडा कितीहि सौम्य असो, धांवणें तत्काळ थांबवून वैद्यकीय मदत घ्यावी. चाळिशीनंतर प्रथमच धांवावयास लागणाऱ्यानें, आणि मधुमेह, रक्तदाब किंवा घरांत हृदयविकाराचा इतिहास असणाऱ्यानें, घड्याळ विकत घेण्यापूर्वीं आपली प्रकृति डॉक्टरांकडून तपासून घ्यावी.