काचपेपर खाली ठेवा : जुन्या रायफलच्या लाकडाबद्दलचे गैरसमज

थ्री-नॉट-थ्री म्हटलं की कुणाला एनसीसीची कवायत आठवते, कुणाला बंदोबस्तावरचा पोलीस. तिचं कागदोपत्री नाव शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड. तिचं मार्क-३ हे रूप ब्रिटिश सैन्याने १९०७ मध्ये स्वीकारलं. पुढे इंग्लंडमधल्या एनफिल्डबरोबरच ऑस्ट्रेलियातल्या लिथगोला आणि बंगालमधल्या ईशापूरलाही ती बनू लागली. दोन्ही महायुद्धांत ती लढली. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला रीतसर निरोप दिला तो थेट २०२० च्या प्रजासत्ताक दिनी.

आज या रायफली ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेतल्या संग्राहकांकडे आहेत. आपल्याकडे संग्रहालयांत आणि शस्त्रागारांत आहेत. त्यांचं पोलाद सहसा टिकतं. नुकसान होतं ते लाकडाचं, आणि तेही चिखल-पावसापेक्षा जास्त हौशी हातांनी. एका दुपारच्या उत्साहात शंभर वर्षांच्या खुणा भुश्यात जातात, आणि गेल्या की कुठल्याही कारागिराला त्या परत आणता येत नाहीत. म्हणून या लाकडाबद्दलच्या पक्क्या बसलेल्या समजुती एकदा नीट तपासायला हव्यात.

‘आधी काचपेपरने घासून काढायचं’

सर्वांत जास्त नुकसान करणारा समज हाच. घरातली खुर्ची नवी करताना सुतार जे करतो तेच इथे करायचं, असं वाटतं. पण लष्करी दस्त्याचा पृष्ठभाग हे त्या रायफलचं दप्तर असतं. तपासनिसांचे शिक्के, ब्रिटिश सरकारी मालकीची बाणाची खूण, दुरुस्तीच्या नोंदी असं सगळं लाकडात ठोकलेलं असतं. नळीच्या तोंडाजवळ, पुढच्या लाकडाच्या खालच्या अंगाला बऱ्याचदा रायफलचा अनुक्रमांक असतो. दोन बाण टोकाला टोक लावून उमटलेले दिसले तर ती रायफल सरकारी सेवेतून विकली गेली, असा त्याचा अर्थ. या खुणांची खोली फार नसते. खरखरीत कागदाचे चार हात फिरले की त्या पुसट होतात, आणखी चार फिरले की नाहीशा.

दुसरं नुकसान मापाचं. कारखान्यातून निघताना लाकूड धातूच्या कडेपेक्षा किंचित वर ठेवलेलं असायचं. दस्त्याच्या टोकाला पितळी पट्टी असते, तिच्या कडेवरून बोट फिरवा. लाकूड पट्टीच्या खाली गेलेलं लागलं, तर आधी कुणीतरी घासून ठेवलं आहे हे समजावं. जाणकार खरेदीदार हेच पाहतो. घासून चकचकीत केली की किंमत वाढते, ही समजूत नेमकी इथे उलटी पडते.

मग पडलेल्या पोच्यांचं काय करायचं? पोच्यात लाकूड बहुतेक वेळा गेलेलं नसतं, दबलेलं असतं. तंतू चेपलेले असतात आणि त्यांना पाणी व ऊब मिळाली की ते फुगून वर येतात. सुती फडकं भिजवून पिळायचं, त्याची घडी पोच्यावर ठेवायची आणि इस्त्रीचं टोक काही क्षण त्यावर टेकवायचं. चर्र आवाज येतो, वाफ लाकडात शिरते. फडकं उचललं की तळ थोडा वर आलेला दिसतो. सुकू द्यायचं, पुन्हा करायचं. खोल पोचा पूर्ण भरेलच असं नाही, आणि तंतू तुटून लाकूडच निघालं असेल तर वाफेचा उपयोग नाही. पण इथे एक धोका आहे. शिक्के म्हणजेही दाबलेले तंतू, त्यामुळे वाफ त्यांनाही वर उचलते. शिक्क्याशेजारचा पोचा तसाच राहू द्यावा, हे माझं स्पष्ट मत आहे. तो बहुधा शिपायाच्या हातूनच पडला असणार, त्याला तिथे राहण्याचा हक्क आहे.

‘लाकूड काय, स्क्रू काढला की सुटतं’

या रायफलचं लाकूड चार तुकड्यांचं असतं : मागचा दस्ता, नळीखालचं लांब लाकूड, आणि नळीवरची पुढची-मागची दोन आवरणं. नवखा माणूस सुरुवात दस्त्यापासून करतो. पितळी पट्टीतलं छोटं झाकण उघडतो, आत लांब स्क्रू-ड्रायव्हर घालतो आणि मोठा बोल्ट फिरवतो. तेवढ्यात पुढून ‘कट्’ असा आवाज येतो.

कारण त्या बोल्टचं पुढचं टोक चौकोनी आहे, आणि बोल्ट आपोआप सैल होऊ नये म्हणून ते टोक पुढच्या लाकडाच्या मागच्या तोंडाशी बसवलेल्या पट्टीत अडकवलेलं असतं. पुढचं लाकूड जागेवर असताना बोल्ट फिरवला की ती पट्टी फिरू पाहते आणि लाकूड चिरतं. म्हणून आधी नळीच्या तोंडाची टोपी, मग पट्टे, मग घोड्याखालचं कडं काढायचं, पुढचं लाकूड अलगद खाली उतरवायचं, आणि दस्त्याच्या बोल्टला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी. असं चिरलेलं लाकूड दुरुस्तीच्या टेबलावर वारंवार येतं आणि दोष मात्र म्हाताऱ्या लाकडाला दिला जातो.

हे लाकूड म्हणजे नुसती मूठ नाही. गोळी सुटल्यावरचा धक्का पुढच्या लाकडाचा मागचा भाग झेलतो. नळीच्या तोंडाजवळ एक छोटी स्प्रिंग नळीला खालून वर रेटत असते, आणि त्या दाबावर नेम अवलंबून असतो. आतल्या खोबणीत ‘जरा साफ करतो’ म्हणून पटाशी फिरवली की ही सगळी बैठक बिघडते. लिथगोने कोचवुड हे तुलनेने मऊ लाकूड वापरायला घेतल्यावर धक्का झेलणाऱ्या जागी तांब्याच्या पट्ट्या बसवल्या, त्या याचसाठी.

‘लाकडाला तेल पाजावं लागतं, नाहीतर ते वाळतं’

कापलेलं लाकूड तेल पीत नाही आणि त्याला भूकही नसते. ते हवेतल्या ओलाव्याप्रमाणे फुगतं आणि आकसतं, एवढंच. मग सैन्याने जवसाचं तेल का निवडलं? जवसाचं तेल वाळणारं तेल आहे. त्यातली निम्म्याहून अधिक चरबी लिनोलेनिक आम्लाची असते. हवेतला ऑक्सिजन घेऊन तिचे रेणू एकमेकांत गुंततात आणि तेलाचा घट्ट, चिवट थर होतो. खोबरेल वाळत नाही, शेंगदाण्याचं आणि मोहरीचंही असं घट्ट होत नाही. ती लावली तर दस्ता चिकट होतो, धूळ धरतो आणि पुढे खवट वास मारतो. ‘तेल ते तेल’ हे स्वयंपाकघरातही खरं नाही, इथे तर मुळीच नाही.

जवसाचं तेल पाणी पूर्ण अडवतं, हाही समजच. अमेरिकेच्या वनउत्पादन प्रयोगशाळेने लाकडावरचे लेप ओलावा किती रोखतात याच्या चाचण्या घेतल्या. त्यांत जवसाचं तेल अगदी खालच्या रांगेत आलं. त्याचा गुण वेगळाच आहे. त्याला तडे जात नाहीत, पोपडे सुटत नाहीत, ते उन्हात चमकत नाही. खरचटलं तर शिपाई तिथेच तळव्याने पुन्हा थोडं तेल चोळू शकतो. खंदकातल्या माणसासाठी यापेक्षा सोयीचा लेप नव्हता.

दुकानात जवसाचं तेल दोन प्रकारचं मिळतं. कच्चं तेल वाळायला कित्येक दिवस घेतं, पावसाळ्यात त्याहून जास्त. रंगवाल्याकडे ‘डबल बॉइल्ड’ म्हणून मिळतं त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात, म्हणून ते लवकर वाळतं. ब्रिटिश सेवेतल्या लाकडासाठी कच्चंच तेल होतं. विदर्भात जवसाचं पीक जुनं आहे, आणि तिथल्या घाण्यावरचं चटणीत पडणारं तेलही कच्चंच असतं. ते चालतं, फक्त धीर हवा. दोन-चार थेंब तळव्यावर घ्यायचे, ऊब येईपर्यंत चोळायचे, अर्ध्या तासाने उरलेलं कोरड्या कापडाने पुसून काढायचं. पुसणं हीच खरी पायरी आहे. पुढचा हात आधीचा पूर्ण वाळल्यावरच. दस्ता तेलाच्या डब्यात बुडवून ठेवणाऱ्यांना महिनोन्‌महिने चिकटणारं लाकूड मिळतं.

आणि लाकडाचं तेल वेगळं, धातूचं वेगळं. धातूला पूर्वी रंगून तेल, म्हणजे खनिज तेल लावत. ते कधीच वाळत नाही. रायफल वर्षानुवर्षं तोंड वर करून उभी ठेवली की ते उताराने दस्त्याच्या मनगटात, म्हणजे हाताने धरायच्या बारीक भागात मुरतं आणि तिथलं लाकूड काळं, मऊ, गिळगिळीत होतं. धक्का याही भागाला बसतो. हे तेल काढायला खडूची भुकटी ॲसिटोनमध्ये कालवून तिचा लेप देतात. ॲसिटोन उडतं, भुकटी तेल शोषून पिवळी पडते, ती झटकून पुन्हा लेप देतात. मोकळ्या हवेत आणि आगीपासून लांब, हे वेगळं सांगायला नको.

‘काळे डाग म्हणजे मळ, जालीम औषध हवं’

स्क्रूभोवतीचं काळं वर्तुळ सहसा मळाचं नसतं. अक्रोडाच्या लाकडात टॅनिन असतं. ओलावा आणि लोखंड मिळालं की ते काळं पडतं. हिरड्याच्या पाण्यात गंजका खिळा टाकला तर होतं तेच. ऑक्झॅलिक आम्लाच्या पाण्याने हा डाग फिका होतो. पण ते विषारी आहे, हातमोजे लागतात, आणि नंतर लाकूड स्वच्छ पाण्याने नीट पुसावं लागतं. डाग लहान असेल तर मी तो ठेवीनच.

ओव्हन साफ करायचा फवारा किंवा कॉस्टिक वापरून ‘एका रात्रीत जुनं तेल उतरवलं’ असं काही जण अभिमानाने सांगतात. कॉस्टिक तेलाबरोबर लाकडालाही खातं. तंतू फुगतात, पृष्ठभाग केसाळ होतो, रंग करपतो. मग तो केसाळपणा घालवायला काचपेपर लागतोच. मळासाठी बहुतेक वेळा टर्पेंटाइनमध्ये भिजवलेलं जाडंभरडं कापड पुरतं. हात थकतात, पण लाकूड वाचतं.

‘चीर गेली म्हणजे लाकूड बाद’

सैन्याने कधी असं मानलं नाही. त्यांचे आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारे कारागीर, चीर सरसाने जोडत, आडवी पितळी खीळ घालत, तुटलेल्या कोपऱ्याला त्याच रेषांचा लाकडी ठिगळ बसवत. ईशापूरच्या रायफलींच्या पुढच्या लाकडात एक आडवा स्क्रू दिसतो, तो लाकूड फाटू नये म्हणून मुद्दाम घातलेला. परदेशी संग्राहक त्याला ‘ईशापूर स्क्रू’ म्हणूनच ओळखतात. असं ठिगळ नीट बसवलेलं असेल तर ते काढून ‘बरं’ करू नये. तेही रायफलच्या नोकरीचा भाग आहे.

आज चीर जोडायला इपॉक्सी चांगलं, मात्र आधी तेल उतरवलेलं हवं. तेलकट लाकडावर कुठलाच गोंद धरत नाही, आणि चीर पुन्हा उघडली की दोष गोंदाला जातो. संग्रहालयातली वस्तू असेल तर सरसासारखा पुढे सोडवता येणारा गोंद निवडतात, कारण शंभर वर्षांनी तिला कुणीतरी पुन्हा हात लावणार आहे.

‘सगळे दस्ते अक्रोडाचे आणि सगळे तेलाचे’

अक्रोड पहिली पसंती होती, पण युद्धात तो पुरेना. मग ब्रिटनमध्ये बीच आणि बर्च आले. जर्मनांनी बीचचे पातळ थर चिकटवून दस्ते केले. रशियन मोसिन-नागां रायफलींच्या बर्चवर तर तेल नाही, लाखेचं पॉलिश आहे. लाख स्पिरिटमध्ये विरघळते आणि ओलाव्याने पांढरी पडते. ली-एनफिल्डवर चालणारी ओली इस्त्री तिथे नुकसान करेल. म्हणून आधी पट्टीखालच्या न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा बोळा टेकवून पाहावं. फर्निचरवरचं चमकदार मेलामाइन किंवा पॉलियुरेथेन मात्र यांपैकी कशावरच कधी नव्हतं.

‘जुनी आहे, परवाना कशाला?’

भारतात या समजापायी तुरुंगाची वेळ येऊ शकते. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ मध्ये कालबाह्य किंवा पुरातन शस्त्रांना सूट आहे, पण दुरुस्ती करून वा न करता ज्यांतून गोळी सुटूच शकत नाही अशांनाच. चालू थ्री-नॉट-थ्री त्यात बसत नाही. शिवाय .३०३ हा सेवेतला बोअर असल्याने तो साध्या परवान्यावर मिळत नाही, म्हणूनच आपल्याकडे .३१५ ची रायफल रूढ झाली. आजोबांच्या पेटीत अशी काही वस्तू सापडली तर तेल-कापड शोधण्याआधी पोलीस ठाणं गाठावं. सुटे भागही कायद्याच्या कक्षेत येऊ शकतात, तेव्हा दस्ता सुताराकडे धाडण्याआधी परवानाधारक शस्त्रविक्रेत्याला विचारावं.

‘तेलाची चिंधी कोपऱ्यात टाकली तर काय होतं?’

आग लागते. जवसाचं तेल वाळताना उष्णता निघते. पसरलेल्या कापडातून ती हवेत जाते, चुरगळलेल्या बोळ्यात मात्र कोंडते, आणि काही तासांत काडी न लावता बोळा पेटतो. लवकर वाळणाऱ्या तेलात धोका जास्त, कच्च्या तेलातही आहेच. काम संपलं की चिंध्या एकेक सुट्या करून बाहेर दगडावर किंवा तारेवर पसराव्यात आणि कडक झाल्यावरच टाकाव्यात. नाहीतर पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण घट्ट लावावं.