बिघडलेल्या सोल्डरिंगची दुरुस्ती

स्वतः सोल्डर केलेला बोर्ड चालला नाही, की बहुतेकांचा हात पुन्हा सोल्डरिंग आयर्नकडे जातो. संशय येईल त्या टाक्यावर आणखी थोडं सोल्डर, आणखी थोडी उष्णता, आणि तरीही जमलं नाही तर आणखी थोडी. पहिला टाका वाईट लागल्यामुळे बोर्ड क्वचितच कायमचा जातो; तो जातो या दुसऱ्या-तिसऱ्या घाईत. एरवी बिघडलेलं सोल्डरिंग बऱ्याचदा पूर्ण दुरुस्त होतं.

उदाहरणासाठी कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये हमखास असणारा ५ व्होल्टचा सप्लाय घेऊ. ट्रान्सफॉर्मर, चार १एन४००७ डायोड, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आऊटपुट ५ व्होल्टवर रोखून धरणारा ७८०५ आयसी आणि एक एलईडी. पार्ट मोजके, पण चुकण्याच्या बहुतेक जागा यात आहेत.

आधी आयर्न बाजूला

प्लग काढा. स्विच बंद केला म्हणून भागत नाही, कारण ट्रान्सफॉर्मरच्या एका बाजूला घरचे २३० व्होल्ट आहेत. मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेला असतो. त्याच्या दोन पायांवर १ किलोओहमचा रेझिस्टर पाचेक सेकंद धरला, की तो रिकामा होतो.

मग बोर्डची खालची बाजू जुन्या टूथब्रशने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून स्वच्छ करा. जळक्या फ्लक्सच्या तपकिरी थराखाली काय दडलंय ते तोवर दिसत नाही. उजेड तिरका पाडा आणि भिंगातून एकेक टाका पाहा. या पाहणीला दहा मिनिटं लागली तर लागू द्यावीत. निम्मे दोष इथेच सापडतात.

टाका ओळखायचा कसा

चांगल्या टाक्यात सोल्डर पॅडवर सगळीकडे पसरलेलं असतं आणि पायाकडे आत वळलेल्या उतारानं चढलेलं असतं. वाईट टाक्यात ते कमळाच्या पानावरच्या थेंबासारखं गोळा होऊन बसतं; वर आहे, पण धरलेलं काहीच नाही. दुसरी खूण म्हणजे पायाभोवती दिसणारी बारीक गोल चीर. ट्रान्सफॉर्मर, रिले, कनेक्टर अशा जड किंवा सतत हलणाऱ्या पार्टखाली ती जास्त आढळते.

चमक मात्र जपून वाचावी. शिसं असलेलं ६३/३७ सोल्डर नीट लागलं की चकाकतं, पण बिनशिशाच्या सोल्डरचा चांगला टाकाही मंदच दिसतो. मंद दिसला म्हणून तो उकरायला जाऊ नये.

कोरडा टाका आणि ७८०५ चा मधला पाय

दुकानात ज्याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात तो दोष आपल्या सप्लायमध्ये सर्वांत आधी ७८०५ च्या मधल्या पायावर शोधावा. तो पाय ग्राउंडचा. ग्राउंडचं तांबं रुंद असतं, त्यामुळे आयर्नची उष्णता तिथे चटकन पसरून जाते. सोल्डर पायावर वितळतं, पण पॅड थंडच राहतो. टाका लागल्यासारखा दिसतो, लागलेला नसतो. आणि नेमका हाच पाय सुटा राहिला तर ७८०५ ला ग्राउंड मिळत नाही, आऊटपुट ५ व्होल्टवर न थांबता इनपुटच्या जवळपास चढतं. पुढे जोडलेला मायक्रोकंट्रोलर त्यात जळतो. आयसी खराब निघाला म्हणून लोक नवा आयसी आणतात, तोही तसाच वागतो.

दुरुस्ती सोपी आहे, क्रम मात्र पाळावा. टाक्यावर थोडं फ्लक्स लावा. आयर्नची बिट स्वच्छ करून तिच्या टोकाला किंचित ताजं सोल्डर घ्या. त्या ओल्या टोकामुळेच उष्णता पुढे जाते. बिट पाय आणि पॅड या दोघांना एकदम टेकवा, सोल्डरची तार समोरच्या बाजूनं द्या. आधी तार काढा, मग आयर्न, आणि टाका गोठेपर्यंत पार्ट हलू देऊ नका. सगळं दोन-तीन सेकंदांत व्हायला हवं. ६३/३७ सोल्डर १८३ अंश सेल्सियसला वितळतं, तरी बिट ३२० ते ३५० अंशांवर ठेवतात, म्हणजे काम झटपट होतं. ग्राउंडवर ते होत नसेल तर तापमान चढवत बसू नये; रुंद, छिन्नीसारखी बिट लावावी. टोकदार बिटनं ग्राउंड सोल्डर करण्याचा हट्ट मला कधीच पटलेला नाही.

दोन टाके चिकटले असतील तर

७८०५ च्या पायांत जेमतेम २.५४ मिलिमीटरचं अंतर असतं. इनपुट आणि ग्राउंड चिकटले तर ट्रान्सफॉर्मर आणि डायोड तापतात. ग्राउंड आणि आऊटपुट चिकटले तर एलईडी लागत नाही आणि आयसीचा धातूचा पत्रा चटका देतो.

बऱ्याचदा फ्लक्स लावून स्वच्छ बिट मधून ओढली, की सोल्डर आपापल्या पॅडवर परत जातं. जास्तीचं असेल तर तांब्याची विणलेली डीसोल्डरिंग विक त्यावर ठेवा, वरून बिट दाबा. सोल्डर शोषलं, की विक आणि बिट दोन्ही एकत्र उचला. आधी बिट उचलली तर विक गोठून पॅडला चिकटते आणि ओढताना पॅडही सोबत येतो.

पार्टच उलटा बसला असेल तर

डायोडचा पट्टा किंवा कपॅसिटरची वजा खूण चुकीच्या बाजूला असेल, तर पार्ट काढावाच लागतो. उलटा कपॅसिटर तापून फुगतो, फुटूही शकतो. एकदा उलटा चालवलेला पुन्हा वापरू नये.

काढताना एक निर्णय आधी घ्यावा: पार्ट वाचवायचा की बोर्ड? डायोड, कपॅसिटर आणि ७८०५ सहज मिळणारे, स्वस्त पार्ट आहेत. ते कटरनं पायातून तोडावेत आणि एकेक पाय स्वतंत्रपणे गरम करून चिमट्यानं काढावा. ७८०५ चे तिन्ही पाय एकदम वितळवायच्या नादात पॅड भाजतात. उरलेलं भोक वितळलेलं सोल्डर ओढून घेणाऱ्या सकरनं मोकळं होतं. सकर ओढत नसेल तर भोकात आधी ताजं सोल्डर भरा, मग ओढा. उलटं वाटतं, पण थोडंसं उरलेलं जुनं सोल्डर नीट तापत नाही, भरलेलं भोक तापतं.

प्रिंट उखडली

बोर्डवरचं तांबं, म्हणजेच प्रिंट, साधारण ३५ मायक्रोमीटर जाड असतं आणि नुसत्या राळेच्या जोरावर चिकटलेलं असतं. जास्त वेळ तापवलं की ते सुटतं. स्वस्त तपकिरी एकपदरी बोर्डवर हे फार लवकर होतं, हिरव्या फायबरच्या बोर्डवर जरा उशिरा.

उखडलेला पॅड चिकटवत बसू नका. ती प्रिंट पुढे कुठे जाते ते शोधा, तिच्यावरचा रंग ब्लेडनं हलकेच खरवडा, तांबं दिसलं की त्यावर सोल्डरचा पातळ थर द्या आणि पार्टच्या पायापासून तिथपर्यंत बारीक वायरचा जम्पर मारा. जम्पर दिसायला बरा नसतो, पण नीट लावलेला वर्षानुवर्षं टिकतो.

पेस्ट कोणती

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ सामान घेताना इलेक्ट्रॉनिक्ससाठीचं रोझिन फ्लक्स मागून घ्या. नळजोडणीच्या, झिंक क्लोराईड असलेल्या पेस्टनं टाका चटकन लागतो खरा, पण ती मागे राहून तांबं खाते आणि काही महिन्यांनी प्रिंटवर हिरवट थर येतो. रोझिनचा धूर दम्याला कारण ठरू शकतो, म्हणून खिडकी उघडी हवी. शिशाचा धोका धुरापेक्षा हातांतून पोटात जाण्याचा असतो. काम झालं की साबणानं हात धुवावेत.

चालू करण्याआधी

मल्टीमीटर बीपवर ठेवून ७८०५ चे शेजारशेजारचे पाय तपासा. कपॅसिटर भरत असल्यामुळे क्षणभर बीप वाजून थांबेल, ते ठीक. वाजतच राहिली तर कुठेतरी शॉर्ट आहे, प्लग लावू नका. नसेल तर पुढचं काहीही न जोडता चालू करा आणि ७८०५ च्या आऊटपुटवर मीटर धरा. ४.८ ते ५.२ व्होल्ट दिसायला हवेत. मीटर तसाच ठेवून लाकडी काडीनं ७८०५ अगदी हलके इकडेतिकडे ढकला. २३० व्होल्टच्या बाजूला मात्र हात वा काडी नेऊ नका. आकडा जरा जरी उडाला, तर प्लग काढून मधल्या पायाचा टाका पुन्हा करा.