शिळे पॉपकॉर्न आणि घरातलं ऑफिस

अमेरिकेतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी एका चित्रपटगृहात प्रेक्षकांना फुकट पॉपकॉर्न वाटले. काहींना ताजे, काहींना आठवडाभर शिळे. शिळे पॉपकॉर्न चांगले लागत नाहीत, असं खाणारे स्वतःच सांगत होते. तरीही ज्यांना सिनेमा बघताना पॉपकॉर्न खायची पक्की सवय होती, त्यांनी शिळेसुद्धा ताज्यांइतकेच फस्त केले. मग हाच खेळ मीटिंगच्या खोलीत, गाण्यांचे व्हिडिओ लावून मांडला. तिथे सवयीच्या खाणाऱ्यांनीही शिळे पॉपकॉर्न खाताना हात आखडता घेतला. डेव्हिड नील आणि वेंडी वुड यांच्या गटाने २०११मध्ये प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात माणसांच्या निग्रहाची परीक्षा कोणी घेतली नव्हती. बदलली होती ती फक्त जागा.

घरून काम करताना आपण हेच विसरतो. ऑफिसात आपण शिस्तीचे असतो आणि घरी आळशी, असं मानून स्वतःला बोल लावतो. ऑफिसातली ती शिस्त बरीचशी उसनी असते. ठरलेली लोकल, गेटवर कार्ड टेकवणं, तीच खुर्ची, शेजारचा सहकारी कामाला लागलेला, अकराला टपरीवरचा चहा. यातला प्रत्येक टप्पा पुढच्या कृतीला आपोआप ढकलतो. वुड यांनीच २००२मध्ये लोकांना दर तासाला काय करताय ते नोंदवायला लावलं, तेव्हा सुमारे ४३ टक्के कृती जवळजवळ रोज, बहुधा त्याच जागी आणि डोक्यात दुसरंच काही चालू असताना होत असल्याचं दिसलं. मार्च २०२०मध्ये ऑफिसं बंद झाली आणि हा सगळा आधार एका झटक्यात गेला. उरला सोफा. त्याला टीव्ही, मोबाइल आणि दुपारची डुलकी एवढंच ठाऊक.

मेंदूच्या आत काय होतं, याची कल्पना उंदरांवरून येते. एमआयटीतल्या अ‍ॅन ग्रेबिएल यांच्या प्रयोगशाळेत उंदीर इंग्रजी ‘टी’च्या आकाराच्या वाटेवरून चॉकलेटच्या आशेने धावत. वाट नवी होती तोवर मेंदूच्या तळाशी असलेल्या स्ट्रायटम या भागातल्या पेशी धावेच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत सक्रिय असत. वाट अंगवळणी पडल्यावर त्यांची लगबग मुख्यतः सुरुवातीला आणि शेवटाला उरली. मधला भाग एका गाठोड्यात बांधला गेला होता.

सुरुवात आणि शेवट. घरून काम करताना नेमकी हीच दोन टोकं सैल सुटतात. नऊला अंथरुणातच लॅपटॉप उघडतो आणि रात्री जेवताना एक हात कीबोर्डवर असतो.

आता घरून काम केल्याने काम वाढतं का, या जुन्या वादाकडे येऊ. निकोलस ब्लूम यांनी चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये नऊ महिने प्रयोग केला. घरून काम करायला उत्सुक असलेल्यांपैकी ज्यांची जन्मतारीख सम, ते घरी. विषम, ते ऑफिसात. घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं. हा आकडा मॅनेजमेंटच्या भाषणांत फार फिरतो. पण त्यातला मोठा वाटा सुट्ट्या आणि मधल्या विश्रांत्या कमी झाल्याने आला होता, हे सांगितलं जात नाही. आणखी एक अट तर गाळलीच जाते. भाग घेणाऱ्याकडे घरात कामापुरती स्वतंत्र खोली असणं सक्तीचं होतं. डोंबिवलीच्या वन-रूम-किचनमधल्या, सासू-सासरे आणि शाळेची दोन पोरं सांभाळणाऱ्या सुनेला ते १३ टक्के लावून दाखवा! प्रयोग संपल्यावर निवड करायला सांगितली, तेव्हा घरी बसलेल्यांतले निम्मे ऑफिसात परतले. एकटेपणा नको, हे त्यांचं मुख्य कारण.

खोली नसेल तर खूण हवी. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी दाखवलंय की ‘उद्यापासून नीट काम करीन’ या संकल्पापेक्षा ‘अमुक झालं की तमुक करीन’ असा नेमका बेत बराच अधिक तडीस जातो. चहाचा कप विसळला, की जेवणाच्या टेबलाच्या खिडकीकडच्या खुर्चीत बसून कालची अर्धवट फाइल उघडायची. त्या खुर्चीत बसून रील्स बघायचे नाहीत. बघायचेच तर उठून सोफ्यावर जा. संध्याकाळी उद्याचं पहिलं काम कागदावर लिहा आणि लॅपटॉप कपाटात ठेवा, डोळ्यांसमोर नको. मग खाली एक चक्कर मारून या.

हे किती दिवसांत अंगवळणी पडतं? २१ दिवसांचा मंत्र प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल माल्ट्झ यांच्या १९६०च्या पुस्तकातून निघाला. रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवस लागतात, हे त्यांचं निरीक्षण. त्यातलं ‘निदान’ वाटेत कुठेतरी गळून पडलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर बारा आठवडे नजर ठेवली, तेव्हा मध्यांक निघाला ६६ दिवस. कोणाला १८ पुरले, तर कोणाला २५४ लागतील असा हिशेब आला. जेवणाआधी धावणाऱ्यांपेक्षा ग्लासभर पाणी पिणाऱ्यांची सवय लवकर रुळली. एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. त्यामुळे सोमवार हुकला म्हणून पुढच्या सोमवारची वाट पाहू नका.

घरच्यांसाठीही एक विनंती. ती खुर्ची आणि ते तास खरेच मानायचे असतील, तर ‘घरीच आहेस ना’ म्हणून दळण, कुरिअर आणि गॅसचा सिलिंडर त्या माणसाच्या गळ्यात घालू नका. ते माणूस बाई असेल, तर मुळीच नको.