सर्व्हर श्वास घेतात ती हवा

डेटा सेंटरमध्ये नवा सर्व्हर आला की त्याचं खोकं बाहेरच फोडतात, कारण पुठ्ठ्याचे तंतू आत नको असतात. सर्व्हरचे पंखे हवा सतत ओढतात आणि धूळ थेट सर्किटवर नेऊन बसवतात. म्हणून इथे झाडू वर्ज्य. चालतो तो हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम. स्वच्छतेचा रूढ निकष आयएसओ वर्ग ८ : घनमीटरभर हवेत अर्धा मायक्रॉन किंवा त्याहून मोठे कण ३५ लाख २० हजारांच्या आत.

थंडीबद्दल मात्र गैरसमज फार. ‘ॲशरे’ या संस्थेची शिफारस सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ अंश सेल्सिअसची आहे. स्वेटर घालावा लागत असेल, तर वीज वाया जातेय. रॅकमधली रिकामी जागा पट्टीने झाकली नाही, तर मागची गरम हवा पुन्हा पुढे येते.

जुन्या उंचावलेल्या फरशीखाली वेगळाच उपद्रव : जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर केसासारखे धातूचे तंतू वाढतात. फरशी उचलली की ते उडतात आणि शॉर्टसर्किट करतात.

नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्यातल्या डेटा सेंटरांना खाडीची दमट हवा आणि कारखान्यांचा शेजार, त्यामुळे गंजाकडेही लक्ष हवं. त्याची चाचणी साधी. तांब्याच्या आणि चांदीच्या पट्ट्या महिनाभर खोलीत टांगायच्या. गंजाचा थर तांब्यावर ३०० आणि चांदीवर २०० अँगस्ट्रॉमच्या आत राहिला, तर हवा ठीक.